सेतूतची दुभाषी

सेतूत नावाचं गाव मी कधी पाहिलं नाही. तरी त्या गावात पाटाला लागून पहिलं घर कुणाचं, कुणाच्या भिंतीच्या आडोशाला म्हातारे ऊन खात बसतात आणि कुणाची गाय दर वेळी पिण्याच्या पाण्यात पाय घालते, हे मला आजही झोपेतून उठवून विचारलंत तर सांगता येईल. अफगाणिस्तानच्या पश्चिमेला, हेरात शहरापासून एका दिवसाच्या वाटेवर, फारसी बोलणाऱ्या माणसांचं चाळीस घरांचं ते गाव. ते मी शिकले न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, एका अपार्टमेंटच्या स्वयंपाकघरात, लिनोलियमच्या जमिनीवर मांडी घालून. शाळेतल्या भूगोलापेक्षा तो भूगोल मला जास्त पाठ झाला.

मी पंधरा वर्षांची असताना आम्ही नागपूरहून तिथे आलो. बाबांना सॉफ्टवेअरची नोकरी होती. आई नागपूरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची; पण इथे तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. पहिले काही महिने ती खिडकीशी उभी राहून समोरच्या मेपलच्या पानांना त्यांच्या शास्त्रीय नावांनी हाका मारायची आणि मग कुकर लावायची. आमची इमारत विटांची, दुमजली. वर आम्ही, खाली दुसरं बिऱ्हाड. सकाळी स्टेशनकडून गाडीचा भोंगा ऐकू यायचा, की बाबा कोट चढवत अर्धी पोळी तोंडात धरून पळायचे. त्या गाडीचा भोंगा आणि आईच्या कुकरची शिट्टी एकमेकांत मिसळली की मला अजून घरी असल्यासारखं वाटायचं. आम्ही आलो त्याच वर्षी सप्टेंबरात ते जुळे टॉवर पडले, आणि त्यानंतर बाबा रोज निघताना एकच वाक्य म्हणायचे, "उगाच कोणाशी जास्त बोलू नका, बाप्पा."

पण वासाला कोण अडवणार? पुढच्या वर्षी एका दुपारी खालून भाजलेल्या पिठाचा वास आला आणि आई हातातलं काम टाकून उभी राहिली. "कोणी तरी भाकरी थापून राहिलंय," ती म्हणाली, आणि मला घेऊन थेट खाली गेली. दार उघडंच होतं. पांढऱ्या ओढणीतली, आईहून दहा-बारा वर्षांनी मोठी एक बाई शेगडीवर कढई उपडी घालून तिच्या पाठीवर लांबट रोटी चिकटवत होती. थप्प, असा ओल्या कणकेचा आवाज. तिने आमच्याकडे पाहिलं, एक रोटी सोलून काढावी तशी काढली, मधोमध फाडली आणि अर्धी आईच्या, अर्धी माझ्या हातात दिली. नाव-गाव नंतर. तिचं नाव माहगुल. टायरच्या दुकानात काम करणाऱ्या फरीदची ती आई. फरीदला मुलगी झाली म्हणून ती नात बघायला सहा महिन्यांसाठी आली होती.

आईला फारसी येत नव्हती, तिला इंग्रजी येत नव्हतं. पण दरवाजा, कागद, हजार, जमीन, बदाम असे शब्द दोघींकडे सारखेच निघाले, आणि एकेक सापडला की दोघी लहान मुलींसारख्या टाळी द्यायच्या. मला मात्र तिने पहिल्याच आठवड्यात वेगळं काही तरी विचारलं. परातीतल्या कोरड्या पिठावर बोटाने एक उभी रेघ ओढली आणि भुवया उंचावल्या. मी मान हलवली, येत नाही. तिने माझं बोट धरलं आणि त्या रेघेवरून फिरवलं. "अलिफ," ती म्हणाली. वाचता न येणारी मुलगी समोर बसलेली तिला सहनच होत नसे. ती गावात मुलींना शिकवायची, हे मला नंतर कळलं.

मी तिला खाला म्हणू लागले. खाला म्हणजे मावशी. अनघा हे नाव तिच्या जिभेवर बसेना, म्हणून तिने माझं अनार केलं, डाळिंब. शाळेतून आले की दप्तर वर टाकायचं आणि खाली जायचं, हा माझा नेम झाला. शाळेत मला मैत्रिणी नव्हत्या, माझ्या इंग्रजीला सगळे हसायचे. खालाकडे मात्र मी चुकले तर ती हसायची नाही. फक्त पीठ सारखं करून पाटी पुन्हा कोरी करायची. वर्षभरात मी वाचू लागले, दोन वर्षांत मला तिचं सगळं बोलणं कळू लागलं, आणि तिसऱ्या वर्षी फरीदची बायको लैला म्हणाली, "तू बोलतेस तेव्हा मला सासूबाई दोन झाल्यासारखं वाटतं." कारण माझी फारसी पुस्तकी नव्हती, काबूलची नव्हती. ती सेतूतची होती, तिथल्या हेलासकट.

त्या हेलात मी गाव ऐकलं. लाकूड मिळत नाही म्हणून घरांची छपरं मातीच्या घुमटांची, उपड्या टोपल्या मांडून ठेवाव्यात तशी. उत्तरेकडच्या भिंतीला एकही खिडकी नाही, कारण उन्हाळ्यात तिकडून एकशेवीस दिवस वारा सुटतो. इतका, की माणसं एकमेकांशी हातवारे करून बोलतात आणि बायका वाळत घातलेल्या कपड्यांना दगड बांधतात. डोंगराच्या पोटातून जमिनीखालच्या बोगद्याने पाणी येतं, गावाच्या डोक्याशी उजेडात निघतं आणि चाळीस दारांपुढून जातं. वरच्या अंगाला प्यायचं, मधे भांडी, खाली शेत. शेताची पाळी मोजायला तळाला भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडतात. वाटी भरून बुडाली की पाळी संपली. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती हरखली. "अगं, आपल्याकडे लग्नात घटका बुडवायचे तेच हे!" त्या दिवशी तिने माहगुल खालासाठी गोळाभात आणि कढी केली. खालाने कढी चाखली, डोळे मिटले आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडची 'कुरूती' वर पाठवली: वाळवलेल्या दह्याचे दगडासारखे गोळे पाण्यात घोळून, वर पुदिन्याची गरम फोडणी, खाली शिळ्या रोटीचे तुकडे. बाबांनी ती बोटं चाटून खाल्ली आणि मग विचारलं की कुठून आली. सांगितल्यावर आपलं सकाळचंच वाक्य पुन्हा म्हणाले. पण वाटी पुसूनच ठेवली.

खालाचे सहा महिने संपायला आले होते, बॅगा भरायच्या राहिल्या होत्या, तेव्हा गावाहून तो फोन आला. तिचे पती उस्ताद रहीम गावातल्या मुलांचे शिक्षक. तालिबानच्या काळात मुलांचा वर्ग ते घ्यायचे आणि मुलींचा खाला, लपून. गावात एक सामाईक भट्टीघर होतं, जमिनीत पुरलेल्या तंदूरचं. अकरा मुली डोक्यावर कणकेची परात घेऊन तिथे जायच्या. परातीवर फडकं, फडक्याखाली कणीक, कणकेखाली पाटी. रोट्या भाजून होईपर्यंत धडा व्हायचा. सरकार बदललं तेव्हा गावाला वाटलं, आता उघड शाळा काढू. पण तिथल्या कमांडरने नुसता झेंडा बदलला होता. त्याची माणसं आली, नव्या शाळेचं दार उचकटून नेलं आणि उस्तादांनाही नेलं. ते परत आले नाहीत. फोन ठेवल्यावर खाला परातीशी जाऊन बसली आणि कणीक मळू लागली. ती मऊ झाली, सैल झाली, चिकट झाली, तरी मळतच राहिली. शेवटी आईने तिची मनगटं धरून हात पाण्यात बुडवले आणि एकेक बोट धुतलं.

खालाने आश्रयासाठी अर्ज केला. एका संस्थेने फुकट वकील दिली. तरुण होती, केस कायम पेन खोचून बांधलेले. मुलाखतीची तारीख यायला दोन वर्षं गेली. अर्जदाराने दुभाषी आपला आपण आणायचा आणि तो अठरा वर्षं पूर्ण झालेला हवा, असा तिथला नियम होता. फरीदने शहरातून एक गृहस्थ आणले, सुशिक्षित, टापटिपीचे. त्यांना खालाची निम्मी बोली कळली नाही. भट्टीघराचं त्यांनी 'बेकरी' केलं, आणि धडा घ्यायला येणाऱ्या अकरा मुली बेकरीत कामाला ठेवलेल्या मुली झाल्या. ऑफिसरने विचारलं, धंद्याची कागदपत्रं आहेत का? खाला गोंधळली. मुलाखत मधेच थांबवून पुढची तारीख दिली.

आता दुसरा दुभाषी कोण? फरीद आणि लैला साक्षीदार होते, त्यांना चालणार नव्हतं. हेरातकडची दोन-तीन घरं ओळखीची होती, पण प्रत्येकाचं कुणी ना कुणी तिकडे मागे राहिलेलं. कमांडरच्या कानावर गेलं तर? त्यांनी हात जोडले. मग एका रविवारी फरीद आमच्याकडे वर आला, बूट काढून दारातच उभा राहिला आणि बाबांना म्हणाला, "काका, अनार एकोणीस वर्षांची झाली ना?" आमच्यासारखं काका म्हणायला तो ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून शिकला होता.

तो गेल्यावर घरात मोठं भांडण झालं. आमच्या ग्रीन कार्डाचा अर्ज कुठे तरी फायलीत पडून होता. बाबांचं म्हणणं साधं होतं. "अनघा, आपलं स्वतःचंच अजून काही खरं नाही. अफगाण बाईच्या केसमध्ये सरकारी कागदावर तुझी सही कशाला पाहिजे? उद्या कोणी काही विचारलं तर?"

"विचारलं तर सांगायचं, मला भाषा येते म्हणून गेले," आई म्हणाली.

"तू नको बोलू ह्यात. तुला काय कळते इथल्या सिस्टिममधलं?"

आई कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशीही चढवला नाही. "सोळा वर्षं शिकवलं मी, आणि इथे येऊन चार वर्षं खिडकीत उभी राहिले. त्या बाईने स्वयंपाकघरात बसून आपल्या पोरीला एक अख्खी भाषा शिकवली. ती भाषा आता आपण तिजोरीत ठेवायची?"

बाबा बाहेर निघून गेले आणि पार्किंगमध्ये गाडीला टेकून बराच वेळ उभे राहिले. आज मला त्यांची भीती पुरती समजते. परक्या देशात कागदावर जगणाऱ्या माणसाची ती भीती होती, आणि ती आमच्याचसाठी होती. वर आले तेव्हा म्हणाले, "जायचं तर नीट तयारी करून जा. अर्धवट काम नको."

वकीलबाईने मला समोर बसवून तीन गोष्टी सांगितल्या. खाला 'मी' म्हणाली तर तूही 'मी' म्हणायचं. काही समजावून सांगायचं नाही. आणि काही सुधारायचं नाही. "ती चुकतेय असं वाटलं तरी?" मी विचारलं. "तेव्हा तर अजिबातच नाही," ती म्हणाली.

मुलाखतीची खोली छोटी होती, खिडकी नव्हती. ऑफिसर चाळिशीचा, शांत आवाजाचा माणूस. मी उजवा हात वर करून शपथ घेतली, की जे बोललं जाईल त्याचं खरं आणि पूर्ण भाषांतर करीन. माझा आवाज मलाच पातळ वाटला. खाला इस्त्री केलेल्या काळ्या कोटात ताठ बसली होती, वर्गात बसावी तशी.

आधी बेकरीचा घोळ निघाला. खालाने भट्टीघर कसं असतं ते सांगितलं. परात, फडकं, कणीक, पाटी. ऑफिसर लिहायचा थांबला आणि पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे पाहू लागला. मग म्हणाला, गावाचं वर्णन करा. खालाने पाण्याच्या तोंडापासून सुरुवात केली आणि एकेका घरासमोरून चालत निघाली. कुणाचं घर, किती माणसं, दारात काय. मी तिच्या मागोमाग इंग्रजीतून चालत होते आणि कुठेही ठेच लागत नव्हती. अकराव्या घराशी ऑफिसरने हात वर केला. "पुरे. दिसतंय मला." वाटलं, जिंकलो.

मग त्याने विचारलं, "तिथे आता नवं सरकार आहे. तुम्हाला परत जायचं नाही का?"

खाला लगेच म्हणाली, "मला परत जायचंय. रोज सकाळी उठले की मला परत जायचं असतं."

आश्रय मागायला आलेल्या बाईने परत जायचंय म्हणायचं? एवढं मलाही कळत होतं, की या वाक्याने सगळं कोसळू शकतं. आणि ते वाचवायला फार काही करावं लागणार नव्हतं. 'परत जायला आवडलं असतं' एवढंच. एका क्रियापदाचं रूप बदलायचं. त्या खोलीत ते पकडणारं दुसरं कुणी नव्हतं. खाला माझ्याकडे बघत होती. मी इतका वेळ का घेतेय ते तिला कळेना. ती तीन वर्षं मला शिकवत होती. तिच्या तोंडची गोष्ट तिच्याहून मला जास्त कळते, असं ठरवणारी मी कोण?

मी म्हणाले, "मला परत जायचंय. रोज सकाळी उठले की मला परत जायचं असतं."

वकीलबाईचं पेन थांबलेलं मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. ऑफिसरने ते लिहून घेतलं. "मग जात का नाही?"

खालाने हात टेबलावर ठेवले. "कारण मी गेले की तो कमांडर मला विचारणार, त्या अकरा मुली कुणाच्या? मला मरायची भीती वाटत नाही असं म्हणाले तर ते खोटं होईल. वाटते. पण त्याहून मोठी भीती ही, की मी म्हातारी बाई आहे, मला किती सोसेल ते मला ठाऊक नाही. माझ्या नवऱ्याने नावं सांगितली नाहीत. सांगितली असती तर मुलींच्या घरांपर्यंत ती माणसं पोचली असती. ती पोचलेली नाहीत. आता त्याच्या हाती लागलं तर ती नावं सांगू शकेल असं एकच तोंड उरलंय. ते मी त्याच्यापासून लांब ठेवलंय."

मी हे सगळं 'मी' म्हणून बोलले. एकोणीस वर्षांची नागपूरची पोर, 'माझ्या नवऱ्याने नावं सांगितली नाहीत' म्हणाली, आणि माझा आवाज आता पातळ नव्हता.

ऑफिसरने तेही लिहून घेतलं. मग हळूच म्हणाला, "तुम्हाला ती नावं आठवतात?"

"आठवतात."

"मला सांगू शकाल?"

खालाने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही चांगले दिसता. पण तुम्ही लिहिलेला कागद पुढे कुठे जातो, हे तुम्हालाही ठाऊक नसतं. नाही सांगणार."

हेही मी जसंच्या तसं सांगितलं. सरकारी माणसाला तोंडावर 'नाही'. ती अकरा नावं मलाही माहीत होती. त्यांच्याच पहिल्या अक्षरांवर मी बाराखडी गिरवली होती. आजवर मी ती कुठे लिहिलेली नाहीत, आणि इथेही लिहीत नाही. त्या मुली आता आया झाल्या असतील, आणि तिकडचं वारं पुन्हा फिरलं आहे.

निकाल घ्यायला दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं होतं. फरीद गाडी चालवत होता, लैला मुलीला घेऊन पुढे, मागे खाला, मी आणि, सुट्टी काढून आलेली माणसं कमी म्हणून की काय, बाबाही. ऑफिसच्या खिडकीतून एका बाईने लिफाफा सरकवला. खालाने तो माझ्या हातात दिला. मी पहिली ओळ वाचली आणि आधी फारसीत सांगितली, मग मराठीत, मग कुणाला तरी राहिलं असेल म्हणून पुन्हा इंग्रजीत. आश्रय मंजूर झाला होता. फरीद तिथेच जमिनीवर बसला. खाला मात्र उभीच होती. तिने लिफाफ्याची घडी घातली, कोटाच्या आत ठेवली आणि म्हणाली, "त्यांचं नाव आज मोठ्याने घेऊ द्या मला." मग त्या ऑफिसच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मधे, ती आपल्या नवऱ्याचं पूर्ण नाव वडिलांच्या आणि गावाच्या नावासकट एकदा बोलली. कुणीही वळून पाहिलं नाही. आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

पुढच्या रविवारी खाली जेवण होतं. आधी हात जोडणारी हेरातकडची मंडळीही आली होती, जरा अवघडून. खालाने त्यांना आधी वाढलं. आई रोट्या लाटत होती आणि लैलाला पानांची शास्त्रीय नावं शिकवत होती. जेवणं झाल्यावर खालाने मला उठवून आपल्याशेजारी उभं केलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना उद्देशून बोलू लागली. बोलणं छोटं होतं. पण बोलून झाल्यावर पाहुण्यांतला सगळ्यांत वयस्कर माणूस उठला आणि छातीवर हात ठेवून माझ्यापुढे किंचित वाकला.

पुढे मी दुभाषीच झाले. कोर्टांत, हॉस्पिटलांत, विमानतळांवरच्या बंद खोल्यांत आयुष्य गेलं. त्या कामाची प्रशस्तिपत्रकं मिळाली, ती एका ड्रॉवरमध्ये आहेत. त्या रविवारइतकी ताठ मी नंतर कधी उभी राहिले नाही.

त्या रविवारी बाबा कोपऱ्यात चहाचा पेला धरून बसले होते. त्यांना एक शब्दही कळला नव्हता. "काय म्हणून राहिल्या गं त्या?" त्यांनी विचारलं.

खाला म्हणाली होती, "तीन वर्षं मी हिला माझे शब्द दिले. त्या दिवशी माझं सगळं आयुष्य हिच्या तोंडात होतं, आणि हिने त्यात स्वतःचा एक शब्दही घातला नाही. माझ्या बाराव्या मुलीला बघून घ्या." मी बाबांना सांगायला तोंड उघडलं, "त्या म्हणाल्या" एवढं जमलं, आणि पुढचं मराठी मला सापडेचना. मुलाखतीत एकही शब्द न चुकवलेली मी तिथे अडले. बाबांनी पेला खाली ठेवला, उठून आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "कळलं मला."